एसीचं पाणी

बी म्हणजे पेन्सिलीला टोक करताना उडालेली
काळपट कपची.
पुडीत दहा होत्या, पुडीवर मेक्सिकोचा नारिंगी फोटो,
आणि फलजच्या नर्सरीतला शिहाब हिंदीत बजावत होता,
पुरू नका दीदी, नुसती मातीवर ठेवा, दाबा.
उजेड दिसला तरच हे उगवतं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सोहारचा वारा
रात्री चावायचा थांबला होता.
मी तयार होते.
बाथरूममध्ये टबाच्या कडेने बत्तीस बाटल्या,
जून ते सप्टेंबर एसीच्या नळीखाली बादली लावून भरलेल्या.
नळाचं पाणी किटलीत पांढरी रेघ सोडतं,
हे काहीच सोडत नाही.
जयवंत म्हणायचा, लोक इथून सोनं साठवून नेतात,
तू काय साठवतेस, घाम?
घामच तो. खोलीचा, आमचा,
चार महिने बंद खिडक्यांमागे सोडलेल्या श्वासांचा.

गंमत अशी, की एसी पाणी देतो तेव्हा
इथे काही लावता येत नाही,
आणि लावता येतं तेव्हा एसी बंद.
म्हणून बत्तीस. म्हणून मोजून,
रोपाला सकाळी एक पेला,
ज्याच्या काठावर आत्याचं नाव कोरलंय तो.

दहातली सात उगवली.
पाच टिकली.
मग गॅसवाल्या पोराने फाटक उघडं टाकलं
आणि उम्म राशिदची बकरी दोन खाऊन गेली,
बुडख्यासकट, सावकाश, माझ्याकडे बघत.

संध्याकाळी म्हातारी स्वतः आली,
खजुराची थाळी घेऊन, वर जाळीचं झाकण.
माझी अरबी अठरा शब्दांची,
त्यातले सहा भाजीचे.
दोघी उभ्या राहिलो उरलेल्या तिघांसमोर
दुखवट्याला आल्यासारख्या.
मग तिने वाकून एक पान दोन बोटांत धरलं,
चोळलं नाही, नुसतं धरलं,
आणि म्हणाली, मखमल.

मखमल?
मखमल.
मीही धरून पाहिलं. मखमलच की.
एकोणिसावा शब्द शिकले तो
लग्नातल्या ब्लाउजपासून मला येत होता.

जानेवारीत वायव्येकडून वारा सुटला.
कपडे वाळत घालायचा मोडका स्टँड,
जुन्या परकराच्या पट्ट्या, सैल गाठी.
आवळायचं नाही, फांदी पटकन मोडते.
फुलाखालची मान तर फुंकणीसारखी, फुगीर,
आत काहीच नाही.
एकदा कौतुकाने एक कापून पेल्यात ठेवलं,
जेवायला बसेपर्यंत त्याने मान टाकली.
परत कापलं नाही.
सुकलेलं मात्र रोज खुडते.
राहू दिलं तर झाडाला वाटतं, झालं आपलं काम.

रंग म्हणाल तर रिफायनरीच्या चिमणीवर
रात्रभर जळते ती ज्वाळा.
जयवंत ड्यूटीवरून आला, डबा हातातच,
बघत राहिला. म्हणाला,
घरी पण तेच का?
मग खुर्ची ओढून तिथेच बसला.
बूट काढायचंही विसरला.
एक फुलपाखरू आलं होतं, त्याच रंगाचं.
रस्त्यापलीकडे तर नुसते ट्रक.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात
नऊ वाजताच पानं लोंबली.
एसी सुरू झाला. टप. टप.
आता पाणीच पाणी, प्यायला कोणी नाही.
तीन फुलं मी मुद्दाम सुकू दिली होती.

उम्म राशिदने नातवाला पाठवलं, हमूदला,
औषधाची रिकामी बाटली देऊन.
निम्म्या कपच्या तिच्यात घातल्या.
आता सांगायचं कसं, पुरू नको, उजेड दिसू दे?
उजेडाला शब्द माझ्या एकोणिसात नव्हता.
एक बी तळव्यावर ठेवून हात उन्हात धरला,
असं. वर. उघडं.

त्याने पाहिलं. विचार केला.
खिशातून शंभर बैसांची चुरगळलेली नोट काढून
बीशेजारी ठेवली,
आणि बाटली वाजवत पळाला.